न्हाल्यापासूनचे दिवस

माझी नात कॉलेजसाठी सांगलीला गेली आणि तिची पाळी माझ्या हातातून गेली. ऐकायला कसंतरीच वाटेल, पण मला तेव्हा अगदी असंच वाटलं होतं, म्हणून असंच लिहिते.

मुलगा फौजेत. सून त्याच्याबरोबर, आज या छावणीत तर उद्या त्या. नात दोन वर्षांची असल्यापासून आमच्याकडेच, औंधजवळच्या गावात वाढली. तिला पहिल्यांदा दिसलं तेव्हा दप्तर पाठीवरून खाली ओढून धरत शाळेतून आली. ओसरीवर आजोबा बसले होते, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गोठ्यात माझ्याकडे आली. मी धार काढत होते, तशीच उठले. म्हशीनं रागानं त्या दिवशी पान्हा चोरला. पण पोर आधी माझ्याकडे आली होती. दुधाचं काय, दुसऱ्या दिवशी मिळतं.

पुढं तिची पाळी धड येईना. दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की पोर पांढरी पडेपर्यंत जायचं. आता सांगायला हरकत नाही, बायकांच्या या दुखण्यांत गावात माझं थोडंफार नाव आहे. मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. औषधं शिकले ती पाटणकडच्या एका बाईकडून. ती डोंगरातल्या मुळ्या घेऊन आठवड्याच्या बाजाराला यायची आणि कोपऱ्यात पोतं अंथरून बसायची. बाई जवळ गेली की तिचा पहिला प्रश्न एकच, "न्हाऊन किती दिस झालं?" त्यावरून ती मुळी काढून द्यायची. मी तिच्याशेजारी बसून बसून शिकले. शतावरीची मुळी, अशोकाची साल, लोध्र, कुणाला कधी आणि किती. नातीलाही दिलं. कधी लागू पडायचं, कधी नाही. खोटं कशाला सांगू.

सांगलीत ती राहायला गेली आईच्या आईकडे, म्हणजे माझ्या विहीणबाईंकडे. त्या शाळेत बाई होत्या, आता निवृत्त. साडीच्या निऱ्या अशा की पट्टी लावून घातल्यासारख्या. त्यांनी महिन्याच्या आत नातीला डॉक्टरणीकडे नेलं, पोटाची तपासणी करून घेतली. मग डॉक्टरणीला विचारूनच एका वैद्यबाईंचं औषध सुरू केलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपली रोजच्यासारखा फोन करून विचारत होते, जेवलीस का, भाजी कसली होती. तर नात सहज म्हणाली, "आजी, आज माझा सतरावा दिवस."

"कसला गं सतरावा?"

"पाळीचा. सांगलीची आजी कॅलेंडरवर लिहिते ना. आता दुसरी पावडर चालू झाली."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. सतरावा दिवस सांगलीच्या भिंतीवर लिहिलेला, आणि मी इथं भाजी विचारतेय. करपल्याचा वास येतो, आपण शेजारणीच्या चुलीकडे बघतो, आणि करपत असते आपल्याच तव्यावरची भाकरी. तसं झालं माझं. दिवसभर माझं मलाच कळेना काय जळतंय ते.

त्यात औषध लागू पडलं. आधी सत्तर दिवसांनी यायची ती पंचेचाळीसवर आली. मग चाळीस. मग छत्तीस. नात फोनवर आकडा सांगायची आणि मी म्हणायची, "लय चांगलं झालं गं बाई." झालं होतंच चांगलं. पण शतावरी तर मीही देत होते ना? तीच मुळी, तेच दूध. माझ्या हातची पोटात जाऊन नुसती बसली आणि त्यांच्या हातची कामाला लागली, हे मला पचत नव्हतं.

मालकांना हे सगळं दिसत होतं. हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण घरात अजून हजेरी घेतो. एकदा म्हणाले, "काय गं, सांगलीचा फोन आला की तुजं त्वांड का वाकडं हुतंय?"

"माझं त्वांड हायच तसं."

"न्हाई. लग्नात सरळ हुतं."

मेमध्ये परीक्षा संपवून नात सुट्टीला आली. पिशवीत दोन बरण्या, एक पिवळ्या झाकणाची, एक हिरव्या. भाजलेल्या जवसाची पुडी. आणि एक कागद. अक्षर बघूनच ओळखलं, फळ्यावर काढल्यासारखं, एकेक वेलांटी जागच्या जागी. वरच्या दोन ओळी वाचल्या. पिवळे झाकण, शतावरी, चौदा दिवस, दुधातून. हिरवे झाकण, लोध्र, त्यानंतर पाळी येईपर्यंत. खाली आणखी काहीतरी होतं, चांगलं अर्धं पान. मी कागदाची घडी घातली आणि मिसळणाच्या डब्याखाली सरकवली. म्हटलं, आता शतावरी द्यायला मला कागद लागायला लागला काय. जिनं पाऊणशे बायांना मुळ्या दिल्या तिला ही शिकवणार.

नातीला म्हणाले, "हितं असंस्तवर दिवस मी मोजणार. फोन करायचा तर कर, पण मोजणार मी."

तिला काय, बरंच झालं. म्हणाली, "मोज बाई. माझ्या तर लक्षातच राहत नाही."

तीन दिवसांनी सकाळी आली आणि कानाशी म्हणाली, "आजी, आली गं." किती वर्षांनी आधी मला. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. तिनं विचारलं, "मग आजपासून पिवळं ना?"

"न्हा तर आधी. मग बघू."

तिनं बरणी परत फळीवर ठेवली. पाचव्या दिवशी मी पाणी तापवून दिलं, तिनं डोक्यावरून आंघोळ केली, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करून आत एक लिहिला. मग पिवळं झाकण उघडलं.

इथं नीट सांगितलं पाहिजे. आमच्या घरात आता कुणी बाहेर बसत नाही. नात त्या दिवसांत चुलीपाशी वावरते, लोणच्याच्या बरणीत चमचा घालते, मी काही बोलत नाही. पण आमच्या पिढीनं चार दिवस कोपऱ्यात काढले. तेव्हा औषधाला बाईची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, नाहीतर गुण जातो म्हणायचे. आणि चार दिवस बाई बाजारात जाणार कशी? पाटणची ती बाई न्हाल्यापासूनचेच दिवस विचारायची, कारण त्याच्या आधीची बाई तिच्यापुढं कधी आलीच नव्हती. रिवाज घरातून गेला, पण दिवस मोजायला बसलं की माझं बोट अजून न्हाल्या दिवसावरच जाऊन पडतं. दुसरीकडून कुठून मोजायचं असतं, हे माझ्या मनालाही शिवलं नाही.

रोज सकाळी दूध गरम करून, शतावरी ढवळून, मी स्वतः तिच्या हातात पेला द्यायची. वर जवसाची चटणी. सांगलीचा फोन आला की मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "झालं हो तिचं दूध." मला ते दिवस फार आवडले. लपवून काय करू.

मग एका सकाळी आम्ही तिघं चहाला बसलो असताना विहीणबाईंचा फोन आला. नातीनं फोन मधे ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. त्या म्हणाल्या, "बाळा, आजपासून हिरवं झाकण हं. विसरू नकोस."

नात म्हणाली, "अगं नाही आजी, आज अकरावाच दिवस आहे."

"अकरावा कसा? पंधरावा."

"अकरावा. इथं कॅलेंडरवर लिहिलाय बघ."

मालक बशीतला चहा फुंकत म्हणाले, "दोन पलटणींची गिनती जुळंना झाली."

मी उठून कॅलेंडरपुढं उभी राहिले. पाळी आलेली सकाळ आठवली, न्हाली तो दिवस आठवला, मधले चार दिवस बोटांवर घातले. माझे कान तापले. फोनमधून विहीणबाई अगदी सावकाश म्हणाल्या, "विहीणबाई, कागदाच्या शेवटी लिहिलंय बघा."

मिसळणाच्या डब्याखालून कागद काढला. हळदीचा डाग पडला होता. शेवटची ओळ खाली रेघ मारून लिहिलेली. दिसल्याचा दिवस तो पहिला दिवस, न्हाल्याचा नव्हे.

ती ओळ नातीसाठी नव्हती. नातीला न्हाणं की दिसणं, हा घोळच कुठं ठाऊक. ती माझ्यासाठी लिहिली होती. बाईनं सांगलीत बसून मी कुठं चुकणार ते ओळखलं होतं, आणि मी त्या ओळीवर डबा ठेवला होता.

मी म्हणाले, "आवं, चुकलं माजं."

"अहो, पहिल्या महिन्यात मीही न्हाल्यापासूनच मोजलं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही तसंच मोजायचे. वैद्यबाई मला केवढ्या बोलल्या. म्हणून तर लिहिलं. चार दिवसांनी काही आभाळ कोसळत नाही. मी त्यांना विचारते."

दहा मिनिटांत परत फोन. आजपासून हिरवं सुरू करा, बाकी काही नाही. आवाजात जराही टोमणा नाही. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर मी दोन दिवस भांडून मोकळी झाले असते. आणि बघा, चूकसुद्धा माझी एकटीची राहिली नाही. तीही त्यांनी माझ्या आधी करून ठेवली होती.

नात भांडी विसळताना म्हणाली, "मला वाटलं होतं पहिल्या दिवसापासून असतं. पण तू न्हा म्हणालीस. म्हटलं, तुला माहीत असणार."

"मग बोलायचं व्हतंस की."

"तुला कोण बोलणार, आजी?"

ती हसत म्हणाली, पण मला ते लागलं. पोरीनं माझ्यावर भरवसा ठेवला आणि मी कागद वाचला नाही. का वाचला नाही, हे तिला सांगता आलं नाही. अक्षर चांगलं होतं म्हणून वाचला नाही, असं नातीला कसं सांगायचं?

मग सुरू झालं वाट बघणं. छत्तीसवर आलेली पाळी माझ्यामुळं परत साठ-सत्तरवर गेली तर? वर्षभराचं त्यांचं काम माझ्या चार दिवसांनी मोडलं तर? मग ती सुट्टीलाही माझ्याकडे बरण्या आणणार नाही. बरण्या जाऊ दे, कानाशी येऊन सांगणार नाही. कॅलेंडरवरचे माझे आकडे खोडून मी खरे लिहिले. एकोणतीस. तीस. एकतीस. भाकऱ्या थापता थापता पोरीच्या तोंडाकडे बघायची. कंबर दुखतीय का, चिडचिड करतीय का. एकदा ती आजोबांवर डाफरली तर मला बरंच वाटलं.

पस्तिसाव्या दिवशी तिला सांगलीला परत जायचं होतं. माझ्या मनात दोन गोष्टी होत्या, दोन्ही लिहिते. एक, पाळी वेळेवर येऊ दे. दुसरी, ती इथं असतानाच येऊ दे. यमाईच्या डोंगरावर गेले, ओटी भरली, आणि देवीपुढं आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, बाई, पोर तिकडं गेल्यावर पाळी आली तर ती सांगलीची होईल. एवढी इथं येऊ दे.

चौतिसावा दिवस. सकाळी मी परसात तुळशीपाशी होते. नात पिशवी भरायची सोडून आली, मागून गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "आजी, आज पहिला दिवस."

छत्तिसाच्याही आत. मी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीलाच घातलं.

"पोटात लय दुखतंय?"

"नाही गं. सांगलीला फोन करू का?"

"तू पड जरा," मी म्हणाले. "मी करते."

ती आत गेली. मी आधी कॅलेंडरवर गोल केला, आज, दिसल्या दिवशी, आत एक लिहिला. पिवळं झाकण उघडून तिचं दूध दिलं. मग माझ्यासाठी चहा ठेवला. आलं ठेचलं, दूध वर आलं तरी आणखी एक उकळी काढली. पायरीवर बसून कप संपेपर्यंत हळूहळू प्याले. मालकांनी विचारलं, "काय झालं?" मी काही नाही म्हणाले. तेवढा वेळ ती गोष्ट नातीची आणि माझी होती, आणखी कुणाची नाही. कप तिथंच पायरीवर ठेवून मी बराच वेळ बसले.

मग फोन लावला. विहीणबाईंनी पहिल्याच घंटेला उचलला, जशा काही फोन हातात धरूनच बसल्या होत्या.

"आली हो," मी म्हणाले. "चौतीस."

"चौतीस," त्या म्हणाल्या. मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. मग जरा थांबून विचारलं, "आधी तुम्हाला सांगितलं तिनं?"

शाळेतल्या बाईंचा आवाज, सगळा सरळ, पट्टी लावल्यासारखा. पण शेवटच्या शब्दावर जरा घसरला. तो घसरलेला आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. वर्षभर मी तोच गिळत होते.

"व्हय," मी म्हणाले. "पण आत्ताच. सांगितलं तसा तुमाला लावला फोन."

पायरीवरच्या कपाच्या तळाशी चहा वाळून कवाच घट्ट झाला होता.