बाईंनी न घातलेलं वाक्य

डॉ. निर्मला चौलकर गेल्याचं मला कारखान्यातल्या नझीरने सांगितलं. सकाळची वेळ होती, रेवदंड्याच्या नाक्यावर मी अलिबागच्या रिक्षाची वाट बघत होतो. मुरुडहून त्याचा फोन आला. "हरी, बाई गेल्या रे. श्रीवर्धनला, भावाच्या घरी." रिक्षा आली, भरली, निघूनही गेली... मी तिथेच उभा. दोन दिवसांनी पेपरात छोटी बातमी आली. तिच्यात बाईंना 'उद्योगजगताच्या मार्गदर्शक' म्हटलं होतं. ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. याच उद्योगजगताने बाईंचं तोंड बंद करायचा जमेल तेवढा प्रयत्न केला होता. मी तेव्हा तिथे होतो. म्हणून लिहितो आहे.

मी रेवदंड्याचा कोळी. वडील होडीवर मासेमारीला जायचे, मी आयटीआय करून कारखान्यात गेलो. खाडीच्या वरच्या अंगाला रंगासाठी लागणारी राळ बनवायचा कारखाना आहे, तिथे मी पॅनल ऑपरेटर होतो. म्हणजे एका खोलीत बटणांच्या फळीसमोर बसायचं आणि बाहेरच्या टाक्या चालवायच्या. टाक्या आधी दोन होत्या. नंतर तिसरी आली. बाहेर त्या एक, दोन, तीन अशा ओळीने उभ्या होत्या, पण आत फळीवर तिसरीच्या बटणाला जागा उरली नव्हती. मग पहिल्या दोघींच्या मधल्या फटीत ते बसवलं. आत क्रम झाला एक, तीन, दोन. वर चिकटपट्टीवर पेनाने आकडे. वाफेने पट्टी सुटायची, आम्ही नवी लावायचो.

त्या दिवशी मला सोडवणारा रिलिव्हर आला नव्हता, म्हणून आदल्या पाळीपासून मीच बसलो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. धोक्याची घंटा वाजत होती, पण ती दिवसभर कशासाठीही वाजायची. तीन नंबरच्या टाकीतलं गरम पाणी सोडायचं होतं. मी बटण दाबलं. सुटलं दोन नंबरचं. आणि दोन नंबरखाली आमचा फिटर नझीर पाइपाचा जोड उघडून बसला होता.

नझीर वाचला. गुडघ्यापासून खाली दोन्ही पाय भाजले. चार दिवसांत चौकशी उरकली, कागदावर आलं, 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. मला घरी बसवलं. मीही तेच मानत होतो, हे कबूल करतो. हात माझा होता ना. बायको ताट वाढायची आणि मी उठून जायचो. नझीरला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

अशात बाई आल्या. मुंबईच्या एका अभियांत्रिकी संस्थेत त्या माणूस आणि यंत्र यांच्यातल्या कामाचा अभ्यास करायच्या. त्यांना बोलावलं कंपनीनेच, 'कामगारांच्या चुका कमी कशा कराव्यात' यासाठी! बाई बुटक्या, आवाज चढा, चहा बिनसाखरेचा, आणि स्वभाव असा की समोरचा अर्ध्या वाक्यात अडला तर उरलेलं त्याच पुरं करायच्या. तीन आठवडे तिन्ही पाळ्यांत त्या पॅनलसमोर स्टूल टाकून बसल्या. पोरांना वाटलं, हे साहेबांचं माणूस. कुणी बोलेना. मग एक दिवस त्यांनी विचारलं, "चूक सांगू नका. चुकीच्या बटणापर्यंत बोट जाऊन परत आलंय असं कुणाकुणाचं झालंय, तेवढं सांगा." आधी एक हसला. मग सगळे हसले. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर.

त्या संध्याकाळी बाई माझा पत्ता विचारत घरी आल्या. अंगणात बायको, कमल, दोरीवरचे सुके बोंबील काढत होती. बाईंनी पिशवीतून पुठ्ठा काढला. त्याच्यावर फळीवरची बटणं जशीच्या तशी काढलेली. कमलला समोर बसवलं, बाहेरच्या टाक्या म्हणून तीन टोपं मांडली आणि मला म्हणाल्या, "हरीभाऊ, थाळी घ्या आणि बडवा. ती तुमची घंटा." मी बडवायला लागलो. बाई ओरडल्या, "तीन!" कमलचं बोट दोनवर. पुन्हा, "दोन!" बोट तीनवर. कमल चिडली. "अवं बाय, टोपां सरळ हायेत नं ह्यां वाकडां केलंय, त्यात माजी काय चूक हाय?"

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. मी थाळी खाली ठेवली. त्या दिवशी मी घरात बसून पोटभर जेवलो.

बाई देव नव्हत्या. नझीरकडे जायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. महिन्याने मीच हिंमत करून त्यांना मुरुडला घेऊन गेलो. नझीर खाटेवर होता. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मॅडम, सगळे हरीचा हात बघतायत. माझे पाय कुणी बघितले?" बाईंचा चेहरा पडला. मग त्या खाटेजवळ खाली जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. सांगा." आणि नझीरने सांगितलं. टाकीखाली घंटा ऐकूच येत नाही. खाली कुणी काम करतोय हे आत पॅनलवाल्याला कळायची काही सोयच नाही. हे कुठल्याच चौकशीत आलं नव्हतं, कारण जो भाजला त्याला कुणी विचारलंच नव्हतं. निघताना नझीरने मला हाक मारली. "हरी, येत जा." एवढंच.

मग कारखान्यात बैठक झाली. बाईंनी मलाही आत नेलं. टेबलावर तोच पुठ्ठा ठेवला आणि मॅनेजर साहेबांना म्हणाल्या, "बसा." साहेब हसत बसले. मी थाळी वाजवली. "तीन!" साहेबांचं बोट दोनवर. "पुन्हा. तीन!" पुन्हा दोनवर. साहेब ताडकन उठले. "हा काय पोरखेळ आहे? मी रोज तिथे बसतो का?"

"रोज बसतो त्याचा हात एकदा चुकला," बाई म्हणाल्या. "तुमचा दोनदा."

तिथून सगळं बिनसलं. बाईंचा रिपोर्ट परत आला, सोबत निरोप. बाकी सगळं ठेवा, शेवटी एकच वाक्य घाला, 'अपघाताचं मूळ कारण ऑपरेटरचा निष्काळजीपणा.' बाईंनी घातलं नाही. संस्थेच्या प्रमुखांनी त्यांना बोलावून समजावलं, कंपन्या दुखावल्या तर उद्या कोण काम देणार? तरीही त्यांनी घातलं नाही. मग प्रकल्प काढून घेतला. बढती धाकट्या सहकाऱ्याला गेली. करारात गोपनीयतेची अट होती, म्हणून तो अभ्यास कुठे छापताही आला नाही. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, ते कुलपात. आणि या बाई काय करतात? मला काढल्याविरुद्ध मी टाकलेल्या केसच्या प्रत्येक तारखेला आपल्या रजा टाकून, एसटीने धक्के खात कामगार न्यायालयात येतात. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही स्वतः कधी कारखाना चालवलाय?" बाई म्हणाल्या, "नाही. म्हणून तर चालवणाऱ्यांना विचारलं. तुमच्या अशिलांनी विचारलं नाही."

मी कामावर परत लागलो. जिंकलो म्हणायचं. पण पॅनलवर नाही, स्टोअरमध्ये, नटबोल्ट मोजायला. निवृत्त होईपर्यंत तिथेच. कारखाना बंद असताना एका दिवशी कंपनीने गुपचूप फळी बदलली. एक, दोन, तीन. टाकीखाली लाल दिवा बसवला. त्याच वर्षी सुरक्षेचा पुरस्कार मिळाला, तो मॅनेजर साहेबांना. कार्यक्रमाला शाल, श्रीफळ, बँड... बाईंचं नाव कुणी घेतलं नाही.

त्या गेल्यावर अलिबागला कारखानदारांच्या मंडळाने शोकसभा ठेवली. साहेब आता बरेच वर पोचलेत. माइकसमोर उभे राहून म्हणाले, "मॅडमच्या मार्गदर्शनामुळेच आमच्याकडे सुधारणा झाली." माझ्या शेजारून नझीर उठला. काठी टेकत उभा राहिला. "साहेब, मग तो रिपोर्ट आणा ना. आता वाचा, सगळ्यांसमोर."

साहेबांनी घसा साफ केला. "तो... गोपनीय आहे."

बाई मेल्या तरी गोपनीय! मी काहीतरी ओरडलो, काय ते आठवत नाही. आम्हाला बाहेर नेलं. दारात नझीर म्हणाला, "व्हय, मार्गदर्शन म्हणे." आणि दोघं पायऱ्यांवर बसून राहिलो.

मागच्या आठवड्यात श्रीवर्धनला त्यांच्या भावाकडे जाऊन आलो. सुपारीच्या वाडीत घर आहे. मागच्या खोलीत त्या शेवटचे महिने होत्या. भावाने टेबलाचा खण उघडला. आत पत्रांच्या नकला, दोरीने बांधलेले गठ्ठे. पेपरात कुठेही 'चालकाची चूक', 'कर्मचाऱ्याची हलगर्जी' अशी बातमी आली की बाई संपादकांना आणि त्या कंपनीला पत्र लिहायच्या. प्रत्येक पत्रात एकच प्रश्न. 'त्या माणसाच्या जागी बसून तुमच्यापैकी कुणी पाहिलं का?' शेवटच्या पत्रांतलं अक्षर वाकडं झालेलं, ओळी खाली घसरलेल्या. प्रश्न तोच. "उत्तर कुणाचं आलं?" मी विचारलं. भावाने मान हलवली. "एकाचंही न्हाय."

परवा पेपरात चार ओळींची बातमी होती. कुठल्याशा कारखान्यात एक जण दगावला, प्राथमिक अंदाजानुसार ऑपरेटरची चूक. मी कमलकडून वहीचं पान मागून घेतलं, बाईंचा प्रश्न लिहिला, खाली माझं नाव, गाव, आणि 'माजी पॅनल ऑपरेटर' असं ठळक लिहिलं. रेवदंड्याच्या पोस्टात टाकून आलो. आज पुन्हा तशीच बातमी आहे. वहीचं पान फाडून ठेवलंय.