अध्यक्ष रुसले

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो आणि राजीनामे देतो. पहिल्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. दुसऱ्यातही नव्हता, परवापर्यंत.

आमच्या बाजारात एका छपराखाली शंभरेक गाळे आहेत. गाळेवाल्यांच्या संघटनेचा मामा इतकी वर्षं अध्यक्ष, की मामीसुद्धा त्याला अध्यक्षच म्हणते. बैठकीत कोणी त्याचं म्हणणं खोडलं, की तो शर्टावरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवायचा, ‘सांभाळा तुमचं’ म्हणायचा आणि तडक घरी यायचा. आतल्या खोलीत पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. दार मात्र किंचित उघडं, विनवण्या नीट ऐकू यायला हव्यात ना. मामी मोठं पातेलं चढवायची, कारण माणसं यायचीच. मामा त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवायचा आणि चहा संपत आला की उपकार केल्यासारखा बाहेर यायचा. बिल्ला परत छातीवर. मला या सोहळ्याचा भारी राग यायचा, कारण कपबशा मी विसळायचे.

परवा बैठकीत बाजाराच्या मागच्या फाटकावरून वाजलं. चोऱ्या होतात म्हणून ते दुपारी बंद ठेवायचं, हा मामाचा हट्ट. मग माझा माल काय छपरावरून उतरवू, असं फूलवालीनं विचारलं आणि सगळे हसले. मामानं बिल्ला काढला.

मामा पांघरुणात शिरला, मामीनं पातेलं चढवलं. चहा आटला तरी कोणी फिरकलं नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं मामा दोनदा उठला आणि खिडकीतून डोकावून गेला. त्याचा उतरलेला चेहरा पाहून माझा राग कुठल्या कुठे पळाला. बाजार सोडून या माणसाला दुसरं काही नव्हतं, आणि आता बाजारच त्याला सोडतोय की काय, या विचारानं मला गलबलून आलं.

अखेर जिना वाजला. मामा टुणकन पलंगावर. फूलवाली, चप्पलवाला आणि त्यांच्यामागून बाकीचे आत आले. त्यांना बरं नाही, पडलेत, असं मामीनं सवयीनं सांगितलं.

“पडू द्या,” फूलवाली म्हणाली. “आम्ही तुमच्याकडे आलोय, वहिनी.” आणि तिनं बिल्ला मामीपुढे धरला.

तिचंही खरंच होतं. मामा आत रुसून पडलेला असताना बाहेर ताटकळलेली माणसं आपली गाऱ्हाणी मामीलाच सांगायची. ती कप भरता भरता एकाला दटावायची, दुसऱ्याला चुचकारायची, आणि अध्यक्ष बाहेर येईपर्यंत भांडण मिटलेलं असायचं. आताही दारात उभ्या उभ्याच ती म्हणाली, की छत्रीवाल्याला फाटकाजवळचा गाळा द्या, त्याची नजर राहील, फाटक उघडं ठेवा. कोणीच वाद घातला नाही.

बिल्ल्याकडे बघून मात्र ती गांगरली. विचार करून सांगते, म्हणाली. हात पुसून आत गेली, मामाला उठवलं आणि स्वतः पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली. दार किंचित उघडं.

मामा विस्कटलेल्या केसांनी सगळ्यांसमोर उभा. मला वाटलं, आता हा भडकणार. तो दाराच्या त्या फटीकडे बघत राहिला, मग हसू दाबत स्वयंपाकघरात आला आणि मोठं पातेलं चढवलं.

“साखर कुठे असते गं?” त्यानं मला हळूच विचारलं.

उत्तर आतल्या खोलीतून आलं.

“वरच्या फळीवर, अध्यक्ष.”