गाडीला लावलेलं कुंकू

वस्तू उघडायच्या आधी तो स्क्रू-ड्रायव्हर काउंटरवर आडवा ठेवायचा आणि विचारायचा, ‘‘हात कोणी लावला होता?’’ उत्तर मिळेपर्यंत तो उचलायचा नाही. बिघाड नंतर, गुन्हेगार आधी.

घाटकोपरला माझ्या चष्म्यांच्या दुकानाला लागूनच त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. हातात कला, पण जिभेला हाड नाही. एका नव्या सुनेच्या हातून मिक्सर जळला, तर हा तिच्या सासूला म्हणाला, ‘‘मोटर मी बदलतो, सुनेचं तुम्ही बघा.’’ गल्ली हसली. मीही हसलो. शेजारी बसून फुकटची करमणूक व्हायची, कशाला सोडा?

आखातातून येणारा प्रत्येकजण रेडिओ-टेपचा टू-इन-वन आणायचा, ते दिवस. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ आले. मालवणकडचे, उभा जन्म गिरणीत गेलेला, आता घरी बसलेले. पिशवीतून त्यांनी विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी काढली. मोटरचा एक डबा, जोडायचे रूळ आणि ट्रान्सफॉर्मर. मुलाने मस्कतहून नातवासाठी आणली होती. मुलगा रजेवर होता, बायको-पोराला घेऊन सासुरवाडीला गेला होता आणि दुसऱ्या दिवशी परतणार होता.

‘‘हात कोणी लावला होता?’’

‘‘मी,’’ म्हातारे म्हणाले.

इतक्या सरळ उत्तराची त्याला सवय नव्हती. त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. ट्रान्सफॉर्मर ठीक. मोटरला थेट वायर लावली, तर ती फिरली. मग त्याने डबा उलटा केला. चाकांवर लाल-पिवळा पापुद्रा वाळून बसला होता, रुळांवरही. रुळातून चाकात वीजच जात नव्हती.

‘‘हे काय?’’

‘‘दसऱ्याक पूजा केलंय. गिरणीत साच्याक लावत होतंव, तसा. यंत्र ना ता?’’ साचा म्हणजे त्यांचा माग. मग म्हातारे काउंटरवर वाकले. ‘‘झिलाक सांगा नको हां. माका हात लावूक नको म्हणून सांगितलेल्यान. घरात आधीच माझा कोण आयकणा नाय.’’

‘‘नाही सांगत मुलाला, आजोबा.’’

स्पिरिटमध्ये फडकं बुडवून त्याने एकेक चाक पुसलं. तासाभराने डबा काउंटरवर गोल गोल धावायला लागला. म्हाताऱ्यांनी सवयीने नमस्काराला हात पुढे केला आणि घाबरून मागे घेतला. मला वाटलं, आज आमचा शेजारी माणसात आला.

पुढच्या आठवड्यात मुलगा स्वतःचा टू-इन-वन घेऊन आला. स्क्रू-ड्रायव्हर आडवा झाला, प्रश्न आला. मुलगा म्हणाला, ‘‘कोणी नाही लावला.’’

‘‘बाबांना विचारलंत का? याला पण हळद-कुंकू नाही ना लावलं?’’

मग त्याने सगळं सांगितलं. मालवणी हेल काढून, काउंटरवर वाकून दाखवत, ‘‘झिलाक सांगा नको हां’’सकट. चार गिऱ्हाइकं पोट धरून हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? मुलगाही आधी हसला, मग त्याचे कान लाल झाले. टू-इन-वन उचलून तो निघून गेला.

‘‘शब्द दिला होतास ना रे?’’ मी नंतर विचारलं.

‘‘अरे, किस्सा झकास होता, यार.’’

त्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. तेच मला आजवर सहन झालेलं नाही.

तो जाऊन बरीच वर्षं झाली. तेराव्याला सगळे त्याच्या हाताचं कौतुक करत होते. मीही दोन शब्द बोललो. बोलताना डोळ्यांपुढे मात्र त्या वर्षीच्या दिवाळीआधीची एक सकाळ होती. म्हातारे दूध घेऊन दुकानावरून चालले होते. तो रेडिओच्या तारेला सोल्डरचा डाग देत बसला होता. त्याने आतूनच हाक मारली, ‘‘काय आजोबा, गाडी चालते ना?’’

म्हातारे थांबले. ‘‘चलता असात. माका खोलीत घेनत नाय. भायर आवाज येता.’’

‘‘आवाज येतो ना?’’ मान वर न करता तो म्हणाला. ‘‘मग मोटर ठीक आहे.’’