आत्याची नक्कल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण गाढवपणा सगळा माझा आहे.

आमचं गाव कामशेतच्या पलीकडे. तिथली शाळा सातवीपर्यंत, म्हणून आठवीला मी लोणावळ्यात आत्याकडे राहायला आले. आत्या म्हणजे तोफ! ती दूधवाल्याशी बोलली तरी स्टेशनवरचे हमाल दचकतात. एका बंगल्यात ती स्वयंपाक करते. दिवाळीच्या सुट्टीत त्या बंगल्यात राहायला कोण यावं? नाटकातली नावाजलेली विनोदी नटी!

मी चहा घेऊन गेले. कसली नटी हो! साधं सुती पातळ, डोक्याला चपचपीत तेल. विनोद एक नाही, नुसती टक लावून माझ्याकडे बघत बसलेली. मनात म्हटलं, हिच्यापेक्षा आमची म्हैस बरी हसवते.

"नव्या नाटकात मावळातलं काम आहे," बाई म्हणाल्या. "तुझी आत्या कशी बोलते गं? दाखव की करून."

आता वर्गात मी शेवटच्या बाकावर लपून बसणारी. पण इथे बघणारी एकटीच! पदर नव्हता, तर ओढणीच खोचली. "व्हय गं भवाने, कुटं उलथली व्हतीस?" आत्याचं चालणं, आत्याचं शिंकणं, सगळं केलं. बाहेर पाऊल वाजलं की मात्र मी दाराआड.

"पुन्हा कर," बाई म्हणायच्या. असे आठ दिवस!

"आत्या आवडते ना तुला?"

"अडाणी आहे हो ती," मी नाक उडवून म्हटलं. काय तो माझा तोरा!

पुढे तळेगावात प्रयोग लागला. बाईंनी आत्याला दोन पास धाडले. माझं धाबं दणाणलं. आत्याने स्वतःला ओळखलं तर? दुसऱ्या दिवशी मी गावी, शाळा बंद आणि शेणाच्या गोवऱ्या थापणं सुरू!

"आत्या, माझं पोट दुखतंय."

"ववा खा आन् चल!"

पडदा उघडला. बाई आल्या. पण त्यांच्यात आत्या कुठाय? दोन वेण्या घातलेली एक शाळकरी मुलगी! पाठीमागे सगळ्यांना वेडावणारी, नाक वर करून जगाची लायकी काढणारी. कुणी आलं की दाराआड लपून वेणीची रिबीन चावणारी. लोक खुर्च्यांवर उड्या मारत होते.

माझा जीव भांड्यात पडला. आत्या सुटली! मग मीही पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच.

"अशी घुमी, आगाऊ कार्टी कुठे असते तरी का गं आत्या?"

आत्या डोळे पुसत म्हणाली, "असती की. माज्या घरात."

 माझ्या तोंडात तेव्हा काय होतं सांगू? रिबीन!

"म्हंजी तू बी पाठीमागं माजी नक्कल करतीस व्हय गं?" आत्याने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. पण गावी काही धाडलं नाही. उलट तिचा तोराच वाढला. नाटकाचा सिनेमा निघाला. आता गल्लीत एकाकडे टीव्ही आलाय, तर त्यातही बाई तेच करतात. आणि आत्या येईल त्याला ऐकवते:

"आमच्या पोरीचं नाटक झालं, शिनेमा झाला, टीवीबी झाला. आता तेवढी गणितात पास झाली, की गंगेत घोडं न्हालं!"