माझ्या नावावरची मोटर

दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या मोबाइलवर निरोप येतो. ‘आदरणीय ग्राहक, आपली पाच हॉर्सपॉवरची मोटर व्यवस्थित चालू आहे का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही. माझ्याकडे शेत नाही, विहीर नाही, मोटर तर नाहीच. निरोप पाठवणारं दुकान मात्र आमचंच आहे.

पांढरकवड्याला हायवेच्या अंगाला आमचं मोटर भरायचं दुकान. जळालेली मोटर आली की करपलेली तार काढायची, वेढे मोजून नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजून भट्टीत वाळवायची. हे काम कुणीही करतं. आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, तेवढ्यावर भागत नसे. ते आधी गाव विचारत.

“लाइन कशी असते तिकडं? दिवा पिवळा लागते का पांढरा?”

पिवळा म्हणजे विजेचा दाब कमी. मग कारखान्याचं माप बाजूला ठेवून ते दोन-चार वेढे कमी टाकत आणि तार जाड घेत. कोणत्या गावच्या कोणत्या मोटरीला काय मानवलं, हे सगळं त्यांनी लांब वह्यांत लिहून ठेवलं होतं. अशा तेरा वह्या होत्या. दुकान म्हणजे खरं तर त्या वह्याच.

आता त्या बाईबद्दल सांगते. बाई म्हणजे मीच, तेव्हा बावन्न वर्षांची. तिनं कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा क्लास केला आणि प्रमाणपत्राला फ्रेम करून देवाशेजारी लावलं. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला क्रोशाचं झाकण विणलं. कुणी बटणांजवळ बोट नेलं की म्हणायची, “आधी हात धुऊन या.” स्वतः दोन बोटांनी टाइप करायची, पण मान अशी ताठ, जशी काही विमान चालवते आहे. दोन उन्हाळे बसून तिनं तेराही वह्या आत चढवल्या.

अडचण एकच आली. मोबाइल नंबरची जागा भरल्याशिवाय तो कॉम्प्युटर पुढच्या ओळीला जाऊ देत नसे. झरी जामणीकडच्या गावांतून येणाऱ्या माणसांजवळ फोन कुठला? शहाण्या बाईनं तोड काढली. ज्याचा नंबर नाही, त्याच्यापुढे आपला नंबर.

मालकांनी चष्मा वर करून पाहिलं. “हे काय वं? सारं रान तुह्याच नंबरवर?”

“कॉम्प्युटरले पाह्यजे असते तसं. तुमाले नाही समजणार.”

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि पुन्हा वेढे मोजायला लागले. तो मी तेव्हा माझा विजय समजले.

मग एकदा ते महागावला लग्नाला गेले आणि दारात भंगारवाला आला. फळी मोकळी करायची मला भारी घाई. तेरा वह्यांच्या बदल्यात त्यानं एक लाल बादली दिली. संध्याकाळी मालक आले. रिकाम्या फळीवर वह्यांच्या जागा धुळीत चौकोनी उमटल्या होत्या, त्या पाहत उभे राहिले.

“वहीले लाइन लागत नाही, एवढंच,” म्हणाले, आणि त्याच बादलीतलं पाणी घेऊन पाय धुतले.

तीन वर्षांपूर्वी ते गेले. मुलानं महागावला दुसरं दुकान काढलं आणि यंदा ठरवलं, की दोन्ही दुकानांची माहिती क्लाउडवर न्यायची. “आई, महागावात बसून पांढरकवड्याची मोटर पाहता येते. आपला डब्बा आता म्हातारा झाला.” डब्बा म्हणजे माझा कॉम्प्युटर. मला जरा लागलं, पण मी हसले.

काम करायला नागपूरचा एक माणूस आला. मुलानं त्याला माझी ओळख करून दिली, “हे सारं आईनं एकटीनं भरलं.” परक्या माणसासमोर तो असं पहिल्यांदाच बोलत होता. त्या माणसानं विचारलं, “आजी, जुन्या माहितीत काही खोटंनाटं नाही ना? रिकामी जागा भरायला लोक काहीही टाकतात.”

मला माझा नंबर आठवला. आता तुमच्यापुढं खोटं कशाला सांगू? अगदी दहाच्या दहा आकडे डोळ्यांपुढं आले.

“एक चुकीची ओळ काढून दाखवा,” मी म्हणाले, “दुकान तुमच्या नावावर करून देते.”

सगळे हसले. बावन्न वर्षांच्या बाईला हसणं सोपं आहे. ही तर अडुसष्टची होती.

जुना कॉम्प्युटर महिनाभर ठेवा आणि सगळं ताडून पाहा, असं तो सांगून गेला. ताडायला मीच बसले. बाजारातली, हायवेवरची, फोनवाली माणसं शोधली. सगळी जागच्या जागी होती. रानातली माणसं मी शोधलीच नाहीत. महिना झाल्यावर आतलं सगळं पुसून डब्बा कोरा केला, हळदकुंकू लावलं आणि शाळेला देऊन टाकला. ती हौसही माझीच.

दिवाळी झाली आणि झरीकडून एक म्हातारा कोलाम आदिवासी जीपच्या टपावर मोटर घालून आला. त्यांच्या पोडाला, म्हणजे वस्तीला, पाणी देणारी तेवढी एकच मोटर.

“बाई, मालकानं भरलती तवा लय वर्सं चालली. मंग दुसरीकडं भरली, तं दोनदा जळली. मालकानं भरलती तशीच भरून द्या.”

मुलानं ऐटीत फोन काढला. माणसाचं नाव टाकलं, नाही सापडलं. पोडाचं टाकलं, तेही नाही. हळूहळू मान वर करून त्यानं मला विचारलं, “आई, ज्यायच्याजवळ फोन नव्हता, त्यायच्यापुढं कोणता नंबर टाकत होतीस तू?”

मी सांगितला. त्यानं तो टाकल्यावर माझं नाव आलं, आमचं गाव आलं आणि एक पाच हॉर्सपॉवरची मोटर आली. बस.

नागपूरच्या माणसानं फोनवर उलगडून सांगितलं. नव्या ठिकाणी नंबर म्हणजेच माणूस. एकाच नंबरच्या शेकडो ओळी दिसल्या, तेव्हा एकीचीच नोंद पुन्हा पुन्हा झाली आहे असं त्यानं धरलं. नाव-गाव नंबरवालीचं घातलं, मोटर शेवटच्या ओळीतली ठेवली, बाकीच्या गाळल्या. “जुना कॉम्प्युटर आहे ना पण?”

मुलानं माझ्याकडं पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

“तुले आठवते का, आई? तूच त टाइप केलं होतं सारं.”

मी डोळे मिटले. पंखा आठवला, घाम आठवला, मालकांच्या अक्षरातला पोट सुटलेला पाच आठवला. वेढे किती, हे मात्र एकाही मोटरीचं आठवेना. दोन उन्हाळे त्यांची सगळी अक्कल माझ्या बोटांखालून गेली आणि मी फक्त बटणं पाहत होते.

मुलगा म्हाताऱ्याकडं वळला. “काका, दिवा पिवळा लागते का पांढरा?”

“लागला तं सांगू,” म्हातारा म्हणाला. “तुमच्या मनानं भरा, पन आता जळाले नाही पाह्यजे. बाया कोसावरून पानी आनून राह्यल्या.”

मुलानं अंदाजानं भरली. म्हातारा मोटर घेऊन गेला. त्याच्याजवळ फोन नाही, आणि पोडावर कुणाजवळ असला तरी त्याला रेंज नाही.

तेव्हापासून एक तारखेचा निरोप आला की मी बराच वेळ पाहत बसते. मोटर व्यवस्थित चालू आहे का? मुलगा म्हणतो, “नंबर काढून टाकू का तुहा तिथून?” मी म्हणते, राहू दे.

दोन्ही चौकोन तसेच सोडून मी न्हाणीत जाते आणि लाल बादली नळाखाली लावते. आमच्याकडं पाण्याला धार चांगली आहे.