खिडकीत नऊ एक

"मशीन पाहून घ्या मेकॅनिकसाहेब. चांगली निघाली तर मी याले पोलिसात देतो," शेठ म्हणाले.

'हा' म्हणजे मोहतुरे, त्यांचा क्लार्क. कोपऱ्यात उभा होता. तोंड पार उतरलेलं.

ही चिखल्याची गोष्ट, हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरच्या काळातली. मी ते दुरुस्त करत गावोगाव हिंडायचो. शेठचे ट्रक खाणीतलं मँगनीज तुमसरला नेत. ट्रकांच्या वजनांची बेरीज मोहतुरे मशीनवर करायचा. ती खाणीच्या आकड्याशी ताडली तर कधी बरोबर यायची, कधी कमी. जास्त कधीच नाही. म्हणून शेठना चोरीचा वास आला.

मशीन तशी सोपी. बटणं दाबून आकडा बसवायचा, तो वरच्या खिडकीत दिसतो. मग दांडा फिरवायचा. एक फेरा म्हणजे एकदा बेरीज, नऊ फेरे म्हणजे नऊने गुणाकार. उत्तर खालच्या खिडकीत.

सगळी चाकं फिरतात का ते बघायची आम्हा मेकॅनिकांची एक ठरलेली टेस्ट असते. एक ते नऊ बटणं ओळीने दाबायची आणि नऊ फेरे मारायचे. मी मारले. खाली सगळे एक! १११११११११.

"सगळीकडे एकच अंक म्हणजे चाकं अडकलीत," मी ऐटीत सांगितलं. मोहतुरेच्या जिवात जीव आला.

मशीन उघडली. चाकं तर झकास फिरत होती. अठराने गुणलं, सगळे दोन. सत्तावीसने गुणलं, सगळे तीन. माझं डोकंच चालेना. अडकलेली चाकं इतक्या शिस्तीत अडकत नाहीत. बारा गुणिले बारा मात्र बरोबर एकशे चव्वेचाळीस.

"म्हंजे मशीन चांगली हाय," शेठ उठले.

"थांबा ना जी! साहेब, पोरीची आण, मी एक दगड नाही उचलला. मले काहून फसवून राहिले?"

शेवटी बिडीच्या बंडलाच्या कागदावर पेन्सिलीने गुणाकार केला. उत्तर दहा अंकी आलं, ११११११११०१. मशीनच्या खालच्या खिडकीत तर नऊच अंक होते. मग वरच्या खिडकीवर बोट ठेवून एकेक अंक मोठ्याने वाचला. पाच, सहा, सात, नऊ.

आठ नव्हताच! ओळखीची रांग डोळा वाचत नाही, धरून चालतो.

१२३४५६७९ ला नऊने गुणलं की सगळे एकच येतात. तो त्या संख्येचा गुण. कागदावर ताडून पाहिलं, खरं निघालं. गुणाकार बरोबर होता, बसवलेला आकडा चूक. आठचं बटण दाबलं जायचं, पण खाणीच्या काळ्या धुळीने आतून लागत नव्हतं. मोहतुरेची नजर ट्रकच्या वजनाच्या चिठ्ठीवर, खिडकीकडे बघतो कोण? अठ्ठ्याण्णव क्विंटलचा ट्रक बेरजेत नऊचा होत होता.

"मंग माहा माल गेला कुठी?" शेठ.

"माल पोचला. तुमच्या बेरजेत आला नाही."

शेठनी मोहतुरेकडे न बघता चहा सांगितला. तीन कप. क्लार्कला त्या ऑफिसात चहा मिळत नसे; तीच त्यांची माफी.

मला राग आला होता, शेठचा आणि माझ्या ऐटीचाही.

तेव्हापासून मशीन उघडण्याआधी मी वरची खिडकी बोट ठेवून वाचतो. उत्तरावर भांडायला सगळे असतात. बसवलं काय होतं, ते कोणी बघत नाही.