पिकपचं झाकण

आवाज कसा आहे, हे मला आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. मी घरी बनवलेला तो पिकप ज्याने ज्याने पाहिला, त्याने आधी नाक मुरडलं आणि मग तो चारचौघांत न्यायच्या लायकीचा कसा करायचा याचा सल्ला दिला. सल्ला फुकट असतो आणि आमच्या घराण्यात तो मुबलक आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बोटभर लांबीची एक पट्टी बसवलेली असते, तो पिकप. आत लोहचुंबक, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर गिटारची तार थरथरली की खाली वेढ्यांत वीज थरथरते आणि ती स्पीकरपर्यंत जाते. माझ्या गिटारचा मूळचा पिकप बंद पडला तेव्हा नवा मागवता आला असता. पण मी लातुरात एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. वर्षानुवर्षं फळ्यावर जे चितारलं ते एकदा आपल्या हाताने करून बघावं, अशी खुमखुमी आली. जुना स्पीकर फोडून लोहचुंबक काढला, खिळे कापले, स्विचबोर्डच्या शीटची चौकट केली आणि केसाहून बारीक तार शिलाई मशीनच्या चाकावर गुंडाळत बसलो. तार तुटायची, मी तिला नाही नाही ते बोलायचो आणि पुन्हा सुरुवात करायचो. शेवटी जमलं. पहिला सूर असा भरदार आला की मी खोलीत एकटाच हसत बसलो.

दिसायला मात्र तो भयंकर होता, हे मीही नाकारत नाही. काळी चिकटपट्टी, मेणाचे ओघळ, कडेला डिंकाचे फुगे. बायको म्हणाली, गिटारला गळू झालंय का.

मी तसाच वाजवत राहिलो असतो. पण नांदेडला माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. मुलगा औशाचा. रिसेप्शनला ती स्टेजवर येताना काकाने गिटार वाजवायची, असा तिने हट्ट धरला. मी आढेवेढे घेतले, पण आतून लगेच तयार झालो होतो, आणि त्याचं कारण पुतणी नव्हती. कारण तिचा बाप, माझा मोठा भाऊ.

अण्णा माझ्याहून बराच मोठा. वडील गेल्यावर त्याने भांड्यांचं दुकान सांभाळलं आणि मला कॉलेजात पाठवलं. नोकरी लागल्यावर मी पहिली कुठली वस्तू घेतली असेल तर ती गिटार, आणि ती गोष्ट त्याच्या मनातून कधी गेली नाही. त्याने ओरडून विरोध केला असता तर बरं झालं असतं. तो फक्त उठून जायचा. मी नांदेडला गेलो आणि वाजवायला घेतलं की त्याला दुकानातलं काहीतरी आठवायचं. इतक्या वर्षांत त्याने माझं एक गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. स्वतःच्या मुलीच्या रिसेप्शनमधून मात्र त्याला उठता येणार नव्हतं. अण्णाने एकदा, नीट बसून, शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

मग पुतणीने फोनवर गिटारचा फोटो मागितला, शूटिंगवाला जवळून घेणार म्हणून. मी भाबडेपणाने पाठवला. तिने विचारलं, काका, ते मधलं काळं काय आहे? आणि तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. झालं. वहिनीने मांडणीला लावतात तो फुलाफुलांचा चिकट कागद सुचवला. कंधारचे मामा म्हणाले, महादेवाचं स्टिकर लाव, वाईट दिसणार नाही. कुणी सोनेरी रंग सांगितला. एकजात सगळे जणू जन्मभर पिकपच सजवत आले होते. अण्णाने एकच ओळ लिहिली, असलं भंगार स्टेजवर आणायचं नाही.

तेव्हा मी हट्टाला पेटलो. बायकोचं नेलपॉलिश लावून पाहिलं, ते चिकटपट्टीवर वाळेना, नुसत्या सुरकुत्या पडल्या. चिकट कागद लावला तर गिटार थेट स्वयंपाकघरातली वाटायला लागली. मग एका पत्र्याच्या डब्याचं झाकण कापून बसवलं. दिसायला बरं, पण आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. लोखंडी पत्रा चुंबकाचा सगळा जोर आपल्याकडे ओढून घेतो, हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलं होतं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्या झाकणाची तक्रार वहिनीकडून अण्णाच्या कानावर गेली असावी. त्याचा फोन आला. लोखंडाचं नको ना, मग पितळेचं करून देतो, घेऊन ये. मला आपण नीट ऐकलं की नाही तेच कळेना. रिसेप्शनच्या आदल्या दिवशी मी गिटार मांडीवर घेऊन लातूरहून एसटीत बसलो. अहमदपूरपर्यंत शेजारच्या गृहस्थांनी या वस्तूची किंमत विचारली, अहमदपूरनंतर हिचा उपयोग विचारला.

अण्णाने गिऱ्हाइकं नोकरावर सोडली आणि माझ्यासाठी पितळेचा पत्रा काढला. वडिलांच्या हाताखाली तो पत्र्याचं काम शिकला होता, पण ठोकाठोक करताना मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. चष्मा नाकावर घेऊन त्याने कडा दुमडल्या, लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकल्या, कोपरे घासले. झाकण इतकं नेमकं झालं की पिकपवर अलगद बसलं. मी ते डिंकाने पक्कं केलं, छोटा स्पीकर जोडून पाहिलं. आवाज किंचित मऊ झाला होता, पण छान होता. अण्णाने ऐकावा म्हणून मान वर केली तर तो मंडपवाल्याशी फोनवर बोलत बाहेर उभा. राहू दे इथंच, डिंक वाळेल, सकाळी पॉलिश मारून ठेवतो, असं तो आत आल्यावर म्हणाला. मी गिटार ठेवून गेलो. तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गेलो. काउंटरवर स्वच्छ फडकं अंथरून त्यावर गिटार निजवलेली होती. झाकण लखलखत होतं, आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांच्या वळणदार अक्षरांत नाव घातलं होतं.

भांड्यांच्या दुकानात वाढलेल्या माणसाला कोरा धातू बघवत नाही. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं दुकानाबाहेर जात नाही. त्यासाठी जाड पेनासारखं एक विजेचं यंत्र असतं, त्याची सुई थर्रर्र करत पत्र्यावर टोचे मारत जाते. ताटलीला त्याने काही होत नाही. इथे मात्र पत्र्याला लागूनच केसाहून बारीक तार होती. मी घाईघाईने स्पीकर जोडला. शांतता. मीटर लावून पाहिलं, तार आत कुठेतरी तुटली होती. झाकण डिंकाने असं बसलं होतं की काढायला गेलं तर सगळे वेढे सोबत फाटून येतील. नवीन गुंडाळायला एक अख्खा दिवस हवा, आणि रिसेप्शन संध्याकाळी. ज्या मित्रांकडे गिटारी होत्या ते सगळे लातुरात.

माझा जीव नुसता जळत होता. इतके दिवस खपून केलेली वस्तू या माणसाने सवयीपायी टोचून मारली होती, आणि तीही ज्या एका संध्याकाळी तो ऐकणार होता त्याच दिवशी. आता याला सोडायचं नाही, असं ठरवून मी वळलो. अण्णा माझ्या मागेच उभा होता. त्याची नजर झाकणावर होती.

"बाबांचं घातलं," तो म्हणाला. "भेट द्यायच्या भांड्यावर देणाऱ्याचं घालतो आपण. हे घरात राहणारं हाय. घरातल्या वस्तूला बाबांचंच नाव पाहिजे."

मी पुन्हा वाचलं. खरोखरच वडिलांचं पूर्ण नाव होतं, आमच्या घरातल्या हंड्यांवर आणि परातींवर असतं तसं. तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं आणि छान झालंय म्हणालो. तो खूश होऊन गिऱ्हाइकाकडे वळला आणि मी तिथेच उभा राहून मनातल्या मनात त्याच्यावर ओरडत राहिलो.

पुतणीला मात्र खरं सांगावं लागलं. ती साडी नेसून तयार होत होती. आधी ती रडायच्या बेतात आली, मग ती भडकली आणि बाबांना आत्ताच्या आत्ता सांगते म्हणाली. मी तिच्यापुढे गिटार धरली. तिने आजोबांचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदराची पिन लावायला लागली.

संध्याकाळी ती स्टेजवर आली तेव्हा ऑर्केस्ट्रावाल्याने कीबोर्डवर कसलीशी धून वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कमी पडलं नाही. मी जेवणाच्या रांगेजवळ रिकाम्या हातांनी उभा होतो. अण्णा फेटा सावरत माझ्याकडे आला तो रागातच.

"काय झालं तुझं?"

"तार तुटली, अण्णा. माझंच काम कच्चं राहिलं होतं."

"एवढं करून दिलं तुला. औशाच्या सगळ्या पाव्हण्यांना सांगून ठेवलं व्हतं, माझा भाऊ वाजवणार हाय म्हणून. पुढं खुर्ची टाकून बसून राहिलो मी."

मंडपातून कुणीतरी त्याला फोटोसाठी हाक मारली. तो निघाला, दोन पावलांवर थांबला, परत आला. आता त्याचा राग उतरला होता.

"पुढच्या बारीला वाजवायच्या आधी माझ्याकडं आणत जा," तो म्हणाला. "मी बघतो."

मी हो म्हणालो.